‘येते’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

माइक जरा खाली घेता का दादा? हं. बास, बास.

मी मंगल. झरीतले सगळे मला ओळखतात. पण बोरीहून, राणीसावरगावहून मॅडमचे जुने विद्यार्थी आलेत, त्यांच्यासाठी सांगते. मी या गावची सून. आधी ब्लाऊज शिवायची, आता परभणीला एका खाजगी दवाखान्यात काउंटरला बसते, रोज अप-डाउन करते. आन् वाघमारे मॅडमच्या सकाळच्या इंग्रजी क्लासची मी विद्यार्थिनी हाय. ‘होते’ म्हणणार न्हाई. हाय.

समाजमंदिराच्या या अंगणात एवढी माणसं एका जागी बसलेली पाहून बरं वाटायलंय, आन् रडूही यायलंय. घरून कागदावर लिहून आणलं होतं, चांगल्या शुद्ध भाषेत. पहिलीच ओळ हाय, ‘आदरणीय वाघमारे मॅडम आपल्यातून निघून गेल्या.’ मघापासून खाली बसून तेवढी एक ओळ वाचायले, पण त्यातलं शेवटचं क्रियापद काही केल्या तोंडातून निघंना. म्हणून कागद ठेवते बाजूला. मॅडमनीबी तेच करायला लावलं असतं. क्लासात त्यांचा नियमच होता. म्हणायच्या, ‘आधी आपल्या बोलीत सांगा. पोटातलं आपल्या बोलीत बाहेर येऊ द्या. मंग त्याला इंग्रजी कुठलं लागतं ते बघू.’

तर आपल्या बोलीत सांगते. मी उभी राहिले मॅडमबद्दल बोलायला, पण मला बोलायचंय आबांशी.

आबा म्हणजे मॅडमचे थोरले भाऊ. हे पुढं बसलेत, पांढऱ्या टोपीतले. या समाजमंदिराच्या कमिटीचे तेच अध्यक्ष. मॅडम रिटायर होऊन गावी आल्या तेव्हा आबांनीच त्यांना हा हॉल उघडून दिला. आन् मॅडमला दवाखान्यातून आणलं त्या दिवसापासून याच हॉलला आबांनी कुलूप घातलंय. मी विचारायला गेले, तर म्हणाले, ‘मंगल, ती येते म्हणली होती. आली न्हाई. आता तिच्याबिगर ते दार उघडं मला बघवत न्हाई. क्लास बंद.’

मी माघारी आले. त्यांची बहीण होती. माझं दुःख त्यांच्या दुःखापुढं किती? पण आज सगळं गाव बसलंय, मॅडमचा फोटो समोर हाय, म्हणून हिंमत करते. आबा, शेवटपर्यंत ऐका. मंग तुमी म्हणाल तसं.

बाहेरगावच्या लोकांना वाटत असंल, खेड्यात सकाळी सकाळी इंग्रजीचा क्लास, म्हणजे परीक्षेची पोरं येत असतील. पोरं यायचीच. पण ट्रॅक्टर दुरुस्त करणारे यायचे, सोसायटीतला क्लार्क यायचा, बचत गटाच्या बायका यायच्या, आन् मी. एबीसीडी सगळ्यांना येत होती. स्पेलिंग लिहिता येत होतं. अडायचं ते बोलताना. समोरचा एक वाक्य म्हणायचा, त्यातला शब्द न् शब्द कळायचा, आन् वाक्याचा अर्थ लागायचा न्हाई. मी पहिल्या दिवशी हेच विचारलं. म्हणलं, ‘मॅडम, पीस ऑफ केक म्हणजे केकचा तुकडा ना? मंग शिलाई मशीनच्या कंपनीतला माणूस फोनवर कामाचं बोलता बोलता केक कशाला मागायलाय?’

क्लास हसला. मॅडम हसल्या न्हाईत. मलाच उलट विचारलं, ‘मंगल, ब्लाऊजला काजं करणं तुला अवघड जातं का?’ म्हणलं, ‘छ्या. डाव्या हाताचा मळ.’ मॅडम म्हणाल्या, ‘आता हे एखाद्या विलायतेच्या बाईला सांग. ती तुझ्या डाव्या हाताकडं बघंल आन् साबण आणून देईल.’

अशा शिकवायच्या. त्यांचं म्हणणं असं की म्हणी आन् बोलण्याच्या लकबी ही त्या त्या लोकांच्या घरची वागणूक असते. पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात पाय ठेवला की आधी बघावं, चपला कुठं काढायलेत, पाणी कुठं ठेवलंय. हसू न्हाई आन् भिऊबी न्हाई.

माझ्या सासूबाई इथंच बसल्यात, त्यांना राग येऊ नये, पण सांगते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी या गल्लीत कधी येऊन बसले नव्हते. कामापुरतं येणं, दारातून बोलणं. इंग्रजी शिकल्यावर माणूस विलायतेला जातं म्हणतात. मला इंग्रजीनं पलीकडच्या गल्लीत आणलं. मॅडमच्या घरचा चहा मी पहिल्यांदा पिले तो क्लास सुटल्यावर, आन् नंतर सासूबाईबी प्यायला लागल्या. हो ना हो आत्याबाई? मान डोलावायल्या बघा.

आता काशीमावशीचं सांगते. मावशी, लाजू नका.

मावशींचा किसना पोलीस भरतीची तयारी करत होता, आन् क्लासात यायचा. त्याची पळायची चाचणी होती. आमी सगळे एसटी थांब्यावर त्याला पोचवायला गेलो. आदल्याच आठवड्यात मॅडमनी शिकवलं होतं की कुणी परीक्षेला, नाटकाला निघालं की इंग्रजीत ‘ब्रेक अ लेग’ म्हणतात. झालं! गाडी सुटली आन् आमी सगळ्यांनी एका सुरात आरोळी दिली, ‘किसना, ब्रेक अ लेग!’

मावशी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी बाजूच्या कॉलेजच्या पोराला विचारलं, ‘काय म्हणायलेत रे?’ ते पोरगं म्हणालं, ‘पाय मोड म्हणायलेत, काकू.’

आता तुमीच सांगा. लेकरू पळायच्या परीक्षेला निघालंय, आन् सगळं गाव त्याला पाय मोड म्हणायलंय! मावशी जे आमच्या मागं लागल्या, ते थांब्यापासून या हॉलपर्यंत. ‘माझ्या लेकराला अपशकून करायलाव व्हय गं सटव्याहो? कुठाय ती मास्तरीण?’ आमी सगळे मॅडमच्या मागं लपलो. ही मंगल सगळ्यात मागं.

मॅडमनी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. मंग विचारलं, ‘काशीबाई, किसना लहान होता तेव्हा गोरा होता का?’ मावशी म्हणाल्या, ‘लय देखणा होता. का?’ ‘मंग त्याला घराबाहेर काढताना गालाला काय लावायचात?’ ‘तीट लावायचे. काळी तीट. दृष्ट लागू न्हाई म्हणून.’ मॅडम म्हणाल्या, ‘एवढ्या देखण्या लेकराचं तोंड काळं करायचात?’ मावशी चिडल्याच, ‘तोंड कशाला काळं करू? उलीशी तीट!’ मॅडम म्हणाल्या, ‘तसंच हाय हे. चांगलं बोललं की दृष्ट लागते म्हणून तिकडचे लोक वाईट बोलतात. ब्रेक अ लेग म्हणजे इंग्रजी तीट.’

मावशींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मंग म्हणाल्या, ‘असं हाय व्हय. मंग तिकडच्या बायाबी आपल्यासारख्याच भित्र्या म्हणायच्या.’ आन् दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः क्लासात हजर. किसना भरती झाला, दोन्ही पाय शाबूत ठेवून. तो मागं उभा हाय बघा. आन् मावशी आजबी नातवाला शाळेत सोडताना गालाला हात लावून ‘बेक अ लेग’ म्हणतात. शाळेतल्या मॅडम घाबरतात, पण आता त्यांनाबी सवय झाली.

हसा, हसा. मॅडमला आवडलं असतं.

आबा, तुमी हसलात ते मी बघितलं. तुमी क्लासात कधी आत येऊन बसला न्हाईत. बाहेर ओट्यावर बसायचात, सुपारी कातरत. मॅडम आतून रोज आवाज द्यायच्या, ‘आबा, कम इन!’ तुमी रोज म्हणायचात, ‘मला काय करायचं इंग्रजीचं? मी आपला राखणीला बसलोय.’ राखण कशाची? हॉलमध्ये एक फळा आन् चार सतरंज्या! आमाला सगळं कळत होतं. सुपारी कातरायचा आवाज मधीच थांबायचा. एखादी म्हण चांगली निघाली की थांबायचा. आमी एकमेकींना खुणा करायचो, आबांनी पाठ केली बरं का.

आता मी माझं सांगते, कारण आबा ज्या शब्दावर अडून बसलेत, तो शब्द माझ्यापासून सुरू झाला.

परभणीच्या त्या दवाखान्यात काउंटरची जागा निघाली. मॅडमनी अर्ज करायला लावला. मुलाखतीला मोठे डॉक्टर, त्यांची बायको आन् मॅनेजर. मला घाम फुटलेला. पण विचारलं त्याला उत्तरं दिली. एकदा अडले तर ‘पार्डन?’ म्हणलं, मॅडमनी शिकवल्यासारखं. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘ओके, यू मे गो.’ मी उठले. खुर्ची मागं सारली. पदर नीट केला. आन् लय आदबीनं म्हणलं, ‘ओके सर, आय ॲम कमिंग.’

आन् आले निघून.

थेट स्टँडवर. उसाचा रस घेतला, जीव हलका झालेला. तेवढ्यात फोन. मॅनेजर म्हणायलेत, ‘अहो ताई, तुमी कुठं हाव? डॉक्टरसाहेब खोळंबलेत, पुढचा उमेदवार बाहेर बसवून ठेवलाय.’ म्हणलं, ‘का बरं?’ ते म्हणाले, ‘का बरं काय? तुमीच आय ॲम कमिंग म्हणून गेलात ना!’

मला काही कळंना. तशीच माघारी गेले. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठं गेला होतात?’ म्हणलं, ‘सर, मी निघालेच होते.’ ‘मंग कमिंग का म्हणालात?’ आता काय सांगावं? म्हणलं, ‘सर, भरल्या घरातून निघताना जाते कसं म्हणू?’

डॉक्टर बघतच राहिले. पण त्यांची बायको जिंतूरकडची. त्यांनी एकदम तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, ‘अहो, मी माहेरून निघताना आईला येतेच म्हणते की. जाते म्हणलं तर आई उंबऱ्यात अडवंल.’ जागा मलाच मिळाली. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी क्लासात येऊन रडले. म्हणलं, ‘मॅडम, मला न्हाई जमायचं हे. एवढं साधं येईना मला.’

मॅडम आधी हसल्या. लय हसल्या, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मंग डोळे पुसले आन् फळ्यावर एका बाजूला लिहिलं, ‘येते’. दुसऱ्या बाजूला, ‘सी यू’. म्हणाल्या, ‘मंगल, तुझ्या मनातलं बरोबर होतं, शब्द तेवढा चुकला. निघताना माणसाला सगळीकडं एकच भीती असते, परत भेट होईल का न्हाई. आपण म्हणतो येते, म्हणजे मी परत येणार. ते म्हणतात सी यू, म्हणजे मी तुला परत बघणार. जाते असं सरळ म्हणायला त्यांचंबी मन धजत न्हाई.’

त्या दिवसापासून क्लास सुटताना आमी सगळे ‘सी यू’ म्हणायचो. आन् मला चिडवायचं असलं की ‘आय ॲम कमिंग’!

आता ते शेवटचं. ते सांगितल्याशिवाय खाली बसता येणार न्हाई.

एका सकाळी मॅडमचा फोन आला, ‘आज क्लास तुमीच घ्या गं, मी जरा अंडर द वेदर हाय.’ आमाला आनंदच झाला, कारण हे नुकतंच शिकलो होतो. अंग बरं नसलं की तसं म्हणतात. क्लार्कभाऊ म्हणाले, ‘ऊन तर चांगलं पडलंय, वेदरला काय धाड भरली?’ हसलो. त्या दिवशी क्लास आमीच घेतला. चुकतमाकत घेतला, पण घेतला. हे ध्यानात ठेवा आबा, मी यावर परत येणार हाय.

दोन-तीन दिवसांत मॅडमला नांदेडला न्यायचं ठरलं. गाडी इथंच समोर लागली होती. क्लास सगळा अंगणात उभा. एरवी तोंडाला कुलूप नसणारी माणसं आमी, पण एकाला एक शब्द सुचंना. मराठीत न्हाई, इंग्रजीत न्हाई. स्ट्रेचर आत सरकवलं. मॅडमनी मान वळवून आमच्याकडं बघितलं. मला शोधलं. आन् हात उचलून म्हणाल्या, ‘ओके. आय ॲम कमिंग.’

आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई. त्यांना बरोबर काय ते ठाऊक नव्हतं का? पण त्या घडीला त्यांना आपल्या बोलीतलंच म्हणायचं होतं.

आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं न्हाई. आन् मागून, ओट्यावरून, आवाज आला, ‘सी यू.’

आबा, तो तुमचा आवाज होता.

ज्यांनी कधी उंबरा ओलांडला न्हाई, सगळ्या क्लासात त्या एकट्यांना त्या वेळी धडा आठवला. मॅडम हसल्या होत्या. गाडीचं दार लागायच्या आधी मी बघितलं, हसल्या होत्या.

आन् आता तुमी म्हणता, येते म्हणली आन् आली न्हाई.

आबा, मला एक सांगू द्या. आमच्या दवाखान्यात केरळची एक नर्स आलीय. लहान पोरगी हाय, मराठीचं अक्षर येत न्हाई. पहिल्या आठवड्यात जेवायच्या सुट्टीत एकटी बसून रडत होती, आन् घास तोंडात न्हाई, डबा तसाच. सुट्टी संपत आली म्हणून घाईनं झाकण लावायली. मी जवळ गेले. घरी पंगतीत बसलेल्या पाहुण्याला आपण काय म्हणतो? सावकाश होऊ द्या. त्याला मॅडमनी इंग्रजी दिलं होतं. मी म्हणलं, ‘टेक युवर टाइम. कुणी बोलावलं तर मी बघते.’ ते शेवटचं मराठीतच म्हणलं. तिनं झाकण परत काढलं, आन् जेवली. आता आमी दोघी एकाच डब्यात जेवतो. मी तिला आपलं शिकवते, ती मला तिचं शिकवते. परवा ड्यूटी संपवून निघाली, दारात थांबली, वळली, आन् मला म्हणाली, ‘मंगलताई, येते.’

कुठली केरळची पोरगी. तिनं मॅडमला बघितलं न्हाई, झरी बघितली न्हाई. पण मॅडमचा शब्द तिच्या तोंडातून आला. मला वाटलं, मॅडम आल्या.

खोटं न्हाई बोलल्या मॅडम. काशीमावशी नातवाच्या गालाला हात लावतात तेव्हा येतात. किसनाला ड्यूटीवर कुणी बाहेरचा माणूस इंग्रजीत पत्ता विचारतो आन् हा न घाबरता सांगतो, तेव्हा येतात. पण आबा, त्यांना यायला दार तर उघडं पाहिजे का न्हाई?

तुमी म्हणाल, शिकवणार कोण? मी? मला कुठं एवढं येतं? पण त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या ना, क्लास तुमी घ्या. आन् आमी घेतला होता. रोज एकानं घरातली एक म्हण आणायची, सगळ्यांनी मिळून तिला इंग्रजी शोधायचं. अडलो तर फोनवर बघू. बोरीचे, राणीसावरगावचे मॅडमचे विद्यार्थी आलेत, त्यांना विचारू. ते बघा, तिकडं दोघा-तिघांनी हात वर केले. चुकलो तर चुकलो. कमिंग म्हणून स्टँडवर रस पिऊन आले मी, तरी जागा मिळालीच की!

आबा, किल्ली तुमच्याच खिशात राहू द्या. मी मागत न्हाई. माझं एवढंच म्हणणं हाय की उद्या सकाळी कुलूप तुमी स्वतः काढा. आन् ओट्यावर बसायचं न्हाई आता. आत बसायचं. राखण करायला आत बसलेलंच बरं.

...

आबा किल्ली दाखवायलेत. बघा. खिशातून काढून दाखवायलेत.

मला आता पुढचं बोलता येणार न्हाई. सगळ्यांना विनंती करते, जागच्या जागी उभं राहू. आपण मॅडमसाठी घडीभर शांत उभं राहू. ज्यांना जी भाषा येते तिच्यात मनातल्या मनात त्यांच्याशी बोला, आन् कुठलीच सुचली न्हाई तर नुसतं फोटोकडं बघा. आन् शांतता संपली की घरी निघताना कुणी ‘जातो’ म्हणायचं न्हाई.

मॅडम, उद्या पहिल्या गाडीच्या आधी, रोजच्या वेळेला.

आय ॲम कमिंग.